दुःखाचे ठरलेले दिवस: यहुदी धर्मात धीर कुठून येतो

तिसऱ्या शतकात गॅलिलीतल्या तिबेरिया गावात रब्बी योहानान नावाचे मोठे विद्वान होते. त्यांची दहा मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. तल्मूद, म्हणजे यहुदी विद्वानांच्या धर्मचर्चांचा जुना ग्रंथ, सांगतो की दहाव्या मुलाचं एक हाड ते जवळ बाळगत आणि सांत्वनाला गेले की दाखवत. एकदा त्यांचे शिष्य रब्बी हिय्या बर अब्बा आजारी पडले. योहानान भेटायला गेले आणि त्यांनी विचारलं, "ही दुखणी तुला प्रिय आहेत का?" प्रश्न साधा नव्हता. सोसलेल्या दुःखाचं परलोकात फळ मिळतं, असं विद्वान मंडळी तेव्हा शिकवत होती. हिय्या म्हणाले, "दुखणी नकोत आणि त्यांचं फळही नको." योहानान म्हणाले, "हात दे." त्यांनी हात दिला आणि योहानान यांनी त्यांना उठवून उभं केलं.

पुढे योहानान स्वतः अंथरुणाला खिळले. रब्बी हनिना आले. तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच हात. इथे तल्मूद शंका काढतो: योहानान दुसऱ्याला उठवू शकत होते, मग स्वतःच का उठले नाहीत? उत्तर एका ओळीचं आहे: बंदिवान स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही.

संकटात यहुदी माणूस धर्मातून धीर कसा मिळवतो, याचं बरचसं उत्तर या ओळीत आहे. मन घट्ट कर, श्रद्धा ठेव, सगळं चांगल्यासाठीच होतं, असं त्याला कुणी सांगत नाही. निदान धर्मशास्त्र तरी सांगत नाही. शास्त्र वेगळ्याच गोष्टी ठरवून देतं: आजाऱ्याकडे कुणी, किती वाजता जायचं, मेलेल्याच्या घरी पहिला घास कुणी आणायचा, रडायचे दिवस किती, आणि प्रार्थनेला किमान किती माणसं हवीत. बाहेरून बघणाऱ्याला हे कर्मकांड वाटतं. आत असलेल्याला ते हाताशी असलेल्या कठड्यासारखं उपयोगी पडतं.

आजारपणापासून सुरुवात करू. आजाऱ्याला भेटणं, म्हणजे हिब्रूत 'बिक्कुर होलीम', हे सौजन्य म्हणून केलं जात नाही, ते कर्तव्य आहे. तल्मूद म्हणतो, भेटायला येणारा आजाऱ्याचं साठांश दुखणं घेऊन जातो. लगेच कुणीतरी हिशेब मांडतो: मग साठ माणसं पाठवू, रोगी खडखडीत बरा होईल! त्यावर उत्तर मिळतं, तसं नाही. प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा भाग नेतो. गणित करून बघा. दहा जण येऊन गेले तरी 85 टक्के दुखणं उरतं, साठ जण आले तरी 36 टक्के. भेटीने आजार जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी जायचं.

कसं जायचं याचे नियम योसेफ कारो यांच्या 'शुल्हान आरूख' या धर्मसंहितेत आहेत. ती 1565मध्ये व्हेनिसला छापली गेली आणि आजही प्रमाण मानली जाते. जवळचे नातेवाईक आणि मित्र लगेच जाऊ शकतात, बाकीच्यांनी तीन दिवस थांबावं, म्हणजे 'हा आजारी आहे' असा शिक्का घाईने बसत नाही. पोट बिघडलेल्या किंवा डोकं दुखणाऱ्या माणसाच्या खोलीत शिरू नये, बाहेरच्या बाहेर विचारपूस करावी आणि काय हवं-नको ते बघावं. रोगी जमिनीवर निजलेला असेल तर आपण उंच आसनावर बसू नये. दिवसाच्या पहिल्या तीन तासांत आणि शेवटच्या तीन तासांत जाऊ नये. याचं कारण मजेशीर आहे आणि खरंही. सकाळी रोग्याला हुशारी वाटते, त्यामुळे पाहुणा म्हणतो 'बरा दिसतोय की' आणि प्रार्थना करायची विसरतो. संध्याकाळी त्रास वाढतो, त्यामुळे पाहुणा आशाच सोडतो. प्रार्थना न करता परत आलेल्याची भेट पुरी झाली असं धरत नाहीत. त्या प्रार्थनेत आजाऱ्याचं नाव वडिलांच्या नावासह घेत नाहीत, आईच्या नावासह घेतात.

जीव धोक्यात असेल तर शब्बाथ, म्हणजे शनिवारचा सक्तीच्या विश्रांतीचा दिवसही मोडायचा, हा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो. त्याच्या पुढचा भाग कमी जणांना ठाऊक असतो. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, कडक उपासाला रोगी म्हणाला, "मला खाल्ल्याशिवाय चालणार नाही," आणि शंभर वैद्य म्हणाले की गरज नाही, तरी ऐकायचं रोग्याचं. आधार म्हणून बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन देतात: आपलं कडूपण आपल्याच हृदयाला ठाऊक असतं. ज्याचं दुखतं त्याचा शब्द शेवटचा, हे तत्त्व इथून पुढे सगळीकडे दिसेल.

एक बंदीही आहे, आणि ती सर्वात जास्त मोडली जाते. संकटातल्या माणसाला 'तू काहीतरी केलं असशील म्हणून हे झालं' असं म्हणायचं नाही. बायबलमधल्या ईयोबाची गुरंढोरं गेली, मुलं मेली, अंगावर फोड आले, तेव्हा त्याचे मित्र आले. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत ते उत्तम सांत्वन करत होते. मग तोंड उघडलं आणि बिघडलं: "निर्दोष माणूस कधी नाश पावला आहे का?" तल्मूद हे वाक्य शब्दांनी केलेल्या छळाचा नमुना म्हणून देतो. व्यापारात फसवणूक केली तर पैसे परत करता येतात, बोलण्याने केलेली इजा परत घेता येत नाही, म्हणून ती अधिक वाईट असंही तिथेच म्हटलं आहे. 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात', 'मागच्या जन्मीचं असेल', 'निदान सुटला तरी' ही आपल्या ओळखीची वाक्यंही त्याच पिशवीतली.

आता मृत्यू. या विषयात यहुदी परंपरेने जितकं बारीक काम केलं आहे तितकं क्वचितच दुसऱ्या कशात केलं असेल.

आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा किंवा बायको, यांपैकी कुणी गेलं की माणूस शोक पाळायला बांधला जातो. मृत्यूपासून दफनापर्यंत त्याला 'ओनेन' म्हणतात. या काळात त्याच्यावरची रोजची प्रार्थना, जेवणाआधीचे आशीर्वाद, सगळं उतरतं. मांस आणि वाइन बंद. त्याच्याकडून धर्म एकच गोष्ट मागतो: दफनाची सोय कर. त्या वेळी त्याला समजवायचंही नाही. 'मृत समोर असताना सांत्वन करू नकोस,' असं 'मिश्ना' या तल्मूदच्या मूळ संहितेतल्या 'पिर्के आवोत'मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. दफन शक्य तितकं लवकर करतात, जमलं तर त्याच दिवशी. दहन वर्ज्य.

अंगावरचं वस्त्र फाडतात, त्याला 'केरिया' म्हणतात. हे उभं राहून करायचं असतं. आईवडिलांसाठी डावीकडे, काळजाच्या बाजूला, इतरांसाठी उजवीकडे. गळ्यापासून खाली साधारण चार बोटं, म्हणजे सातआठ सेंटिमीटर. इतरांसाठी फाडलेलं वस्त्र सात दिवसांनी कच्च्या टाक्यांनी जोडता येतं आणि तीस दिवसांनी नीट शिवता येतं. आईवडिलांसाठी फाडलेलं पुन्हा कधीच नीट शिवत नाहीत. टाके घालून वापरता येतं, पण फाटलेलं दिसतं. हल्ली बरेच ठिकाणी कोटाला काळी फीत लावून तीच कापतात. सोयीचं आहे खरं, पण मूळ कल्पनेतला कापड फाटल्याचा आवाज त्यात नाही.

प्रेताला आंघोळ घालायचं काम समाजातली एक मंडळी करते, 'हेवरा कदीशा', पवित्र मंडळी. पुरुषांना पुरुष, स्त्रियांना स्त्रिया. धुऊन झाल्यावर नऊ काव पाणी, म्हणजे आजच्या मापाने साधारण 22-23 लिटर, सलग ओततात. धार तुटता कामा नये, म्हणून पहिलं भांडं रिकामं व्हायच्या आत दुसरं कलतं करतात. इथे चूक होते ती भांड्यांच्या मापात. भांडी मोठी घेतली तर दोघांना मिळून पेलत नाहीत आणि मध्येच थांबावं लागतं. तीन मध्यम बादल्या भरून ठेवणं बरं. मग पांढरे सुती किंवा तागाचे कपडे. त्यांना खिसे नसतात.

कपडे साधेच का, याला इतिहास आहे. एके काळी प्रेताला भारी वस्त्रं नेसवायची चाल इतकी वाढली की तल्मूदच्या शब्दांत मृत्यूपेक्षा खर्चच जड झाला आणि नातेवाईक प्रेत टाकून पळून जायला लागले. तेव्हा रब्बान गमलिएल यांनी स्वतःसाठी साधं तागाचं कापड सांगून ठेवलं. एवढा मोठा माणूस तसा गेला म्हटल्यावर बाकीच्यांची लाज गेली. तीच गोष्ट शोकाच्या घरी नेल्या जाणाऱ्या अन्नाची. श्रीमंत चांदीसोन्याच्या टोपल्यांतून न्यायचे, गरीब सोललेल्या वेताच्या टोपलीतून, आणि गरिबांना खाली बघावं लागे. मग ठरलं की सगळ्यांनी वेताची टोपलीच न्यायची. दुःखात माणूस आणखी एका कारणाने खचतो, ते म्हणजे चार लोकांत दिसणारी आपली परिस्थिती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे हेरून नियम केला, हे मला या सगळ्यातलं सर्वात शहाणं काम वाटतं.

दफनाहून परतल्यावरचा पहिला घास शोक करणाऱ्याने स्वतःच्या घरचा खायचा नाही. शेजाऱ्यांनी आणायचा. आपल्याकडे चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलं-भात येतो, त्याच जातीची ही रीत, फक्त इथे ती सक्तीची. ताटात उकडलेली अंडी आणि मसूर असतात. गोल वस्तू फिरते तसं दुःखही एका घरून दुसऱ्या घरी फिरतं, हा एक अर्थ. दुसरा अर्थ मसुरापुरता: इतर कडधान्यांना तोंडासारखी खाच असते, मसुराला नसते, शोक करणाऱ्यालाही तोंड नसतं.

यानंतर सुरू होते 'शिवा'. हिब्रूत त्याचा अर्थ सात, आपल्या शिवाशी काही संबंध नाही. सुतकाशीही पूर्ण साम्य नाही, कारण इथे विटाळाची कल्पना नाही. उलट लोकांनी त्या घरात यायचं असतं, दार लोटलेलंच ठेवतात. घरच्यांनी जमिनीवर किंवा बुटक्या पाटावर बसायचं. चामड्याची पादत्राणं, कामधंदा, चैनीची आंघोळ, शरीरसंबंध बंद. तोराचा, म्हणजे धर्मग्रंथाचा, अभ्यासही बंद, कारण त्याने मन आनंदतं. ईयोब, विलापगीत आणि शोकाचे नियम तेवढे वाचायचे. बहुतेक घरांत आरसे झाकतात. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो तीन दिवसांनंतर घरच्या घरी, गाजावाजा न करता काम करू शकतो.

भेटायला आलेल्याने काय करायचं? आत यायचं आणि गप्प बसायचं. शोक करणारा बोलेपर्यंत पाहुण्याने बोलायचं नाही. तो गेलेल्याबद्दल बोलला तर त्याबद्दल बोलायचं, क्रिकेटबद्दल बोलला तर क्रिकेटबद्दल. 'शालोम', म्हणजे नेहमीचा नमस्कार, म्हणायचं नाही. निघताना एक ठरलेलं वाक्य आहे: "सियोन आणि येरुशलेमच्या इतर शोक करणाऱ्यांसोबत 'स्थान' तुमचं सांत्वन करो." 'स्थान', हिब्रूत 'हामाकोम', हे देवाचंच एक नाव. काय बोलावं ते न सुचणाऱ्यांची या एका वाक्याने किती सोय झाली असेल! पाहुण्यांच्या हातून होणारी नेहमीची चूक म्हणजे शोक करणाऱ्याला यजमान बनवणं. तो चहा विचारतो, खुर्ची देतो, आणि आपण घेतो. पाणीसुद्धा आपलं आपण घ्यावं.

दिवस मोजताना लोक हमखास घोळ घालतात, म्हणून उदाहरण घेऊ. दफन मंगळवारी दुपारी झालं. तो मंगळवार हाच पहिला दिवस. शब्बाथ सातात मोजला जातो, पण त्या दिवशी उघड शोक नाही, माणूस नेहमीचे कपडे घालून सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनागृहात, जातो. सातवा दिवस येतो पुढचा सोमवार, आणि त्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसलं की शिवा संपते, कारण दिवसाचा अंशही पूर्ण दिवस धरला जातो. तीस दिवसांचा टप्पा, 'शेलोशीम', याच रीतीने चौथ्या आठवड्यानंतरच्या बुधवारी सकाळी संपतो. त्यात केस कापणं, दाढी आणि समारंभ बंद, पण कामावर जायचं. मोठा सण आडवा आला आणि त्याआधी थोडा वेळ जरी शिवा पाळली असेल, तर उरलेली शिवा रद्द होते, सण संपल्यावर पुन्हा बसत नाहीत. मात्र दफन सणाच्या मधल्या दिवसांत झालं तर शिवा सण संपल्यावर सुरू होते. हिब्रू दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत असतो. त्यामुळे मंगळवारी दिवेलागणीनंतर माती दिली तर पहिला दिवस बुधवार ठरतो. सगळी गणितं इथेच चुकतात.

पती, पत्नी, भावंडं, मुलं यांच्यासाठी शोक तीस दिवसांत संपतो. आईवडिलांसाठी बारा महिने. हिब्रू पंचांगात 19 वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो आणि वर्ष तेरा महिन्यांचं होतं. तरी शोक बाराच महिने. तल्मूदने मापच सांगून ठेवलं आहे: तीन दिवस रडायला, सात गुणगान करायला, तीस केस न कापायला, त्यानंतरही कुणी थांबेना तर देव म्हणतो, 'तू माझ्यापेक्षा जास्त दयाळू आहेस का?' मुलाच्या मृत्यूला फक्त तीस दिवस हे ऐकून कुणालाही अन्याय वाटेल. नियम मनाला लागू नाही, वागण्याला लागू आहे. एकतिसाव्या दिवशी दुःख संपलं असं कुणीच म्हणत नाही. केस कापायला हरकत नाही, एवढंच.

आईवडिलांसाठी रोज 'काद्दीश' म्हणतात. ही अरामी भाषेतली छोटी प्रार्थना. 'यित्गदाल वेयित्कदाश' असं तिचं सुरुवातीचं वाक्य: त्याचं महान नाव मोठं आणि पवित्र मानलं जावो. गंमत म्हणजे तिच्यात मृत्यूचा, आत्म्याचा, आईवडिलांचा एकही उल्लेख नाही. मध्ययुगात, साधारण 13व्या शतकापर्यंत, ती शोक करणाऱ्याच्या तोंडी बसली. ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा प्रौढांचा 'मिन्यान' लागतो. ऑर्थोडॉक्स रीतीत तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, सुधारणावादी पंथांत बायकाही मोजतात. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मध्ये उत्तर द्यायचं: त्याचं महान नाव सदासर्वकाळ धन्य असो. उत्तर देणारं कुणी नसेल तर काद्दीश नाही.

म्हणजे बघा काय होतं. बाप गेलेला माणूस घरात पडून राहायला मोकळा नाही. सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेर पडून नऊ माणसांत जाऊन उभं राहावं लागतं. त्याला नसेल वाटत श्रद्धा, असेल देवावर राग, तरी जावं लागतं. तिथे आणखी दोघं वर्षभराच्या वाटेवरचेच असतात, एक तिसऱ्या महिन्यात, एक नवव्यात. नवव्या महिन्यातला पोथीच्या पानावर बोट ठेवून दाखवतो, इथून म्हण.

काद्दीश बारा महिन्यांऐवजी अकरा महिने म्हणतात. मिश्नेत म्हटलं आहे की दुष्टांचा न्याय बारा महिने चालतो. पूर्ण बारा महिने म्हटलं तर आपला बाप दुष्ट होता असं मुलगाच जाहीर करतो. म्हणून एक महिना आधी थांबायचं. काही सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या रीतीच्या, घराण्यांत बाराव्या महिन्याचा पहिला आठवडा गाळून पुन्हा सुरू करतात, तेव्हा आपल्या सिनेगॉगची रीत विचारून घ्यावी.

देवावर रागवायची मुभा आहे का? आहे, आणि तीही छापील. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत. तेरावं सुरू होतं 'किती वेळ, हे परमेश्वरा?' या प्रश्नाने. बहुतेक तक्रारी शेवटी भरवशाकडे वळतात. 88वं वळत नाही. 'तू माझे आप्तमित्र माझ्यापासून दूर केलेस' असं म्हणत ते अंधार या शब्दावर थांबतं. संपादन करणाऱ्यांना ते काढून टाकता आलं असतं. त्यांनी ठेवलं, आणि आजही ते प्रार्थनेत म्हणता येतं.

एक प्रार्थना मात्र चालत नाही: घडून गेलेलं बदलावं अशी. मिश्नेतलं उदाहरण असं. माणूस गावाबाहेरून येतोय, आतून आक्रोश ऐकू येतो, आणि तो म्हणतो, 'देवा, तो माझ्या घरचा नसो.' ही व्यर्थ प्रार्थना. आक्रोश ज्या घरातून यायचा तिथून तो आधीच आलेला आहे. तपासणीचा निकाल पाकिटात बंद असतानाची आपली प्रार्थना याच जातीची. पुढे काय करायचं, त्यासाठी बळ मागता येतं.

कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाने, या चौकटीत स्वतःची भर घातली आहे. अलिबागजवळ नौगावला जहाज फुटून सात जोडपी वाचली, ही त्यांची मूळकथा. म्हणजे सुरुवातच संकटातून. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडलं. त्यांच्या नवसाला 'मलिदा' म्हणतात. आजारातून उठणं, परीक्षा, प्रवास, नोकरी, लग्न ठरणं, यासाठी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याला, बोलायचं आणि काम झालं की मलिदा करायचा. अलिबाग तालुक्यातल्या सागाव-खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिथेही नवस फेडायला जातात.

दहा-बारा जणांच्या मलिद्याला अर्धा किलो जाड पोहे, एक मोठा ओला नारळ, दीड-दोन वाट्या साखर, वेलची, जायफळ, बेदाणे, बदामाचे काप लागतात. पोहे भिजत ठेवू नका. चाळणीत दोनदा धुवा आणि वीस मिनिटं निथळू द्या. पातळ पोहे घेतले तर लगदा होतो. साखर अगदी शेवटी घाला, नाहीतर पाणी सुटतं. आणि ओलं खोबरं दुपारच्या उकाड्यात आंबतं, म्हणून विधीच्या तासभर आधीच कालवा. ताटात मलिद्याचा ढीग, भोवती फळं, बाजूला सुवासिक फुलं. 'एलियाहू हन्नाबी' हे गाणं सगळे मिळून म्हणतात आणि मग एकेका पदार्थावर आशीर्वाद. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. केळीला धर्मशास्त्र झाड मानत नाही, म्हणून केळं जमिनीच्या आशीर्वादात जातं. यजमान ते सफरचंदाबरोबर उरकतो आणि कुणीतरी म्हातारा टोकतो, हे ठरलेलं.

नवसाची सर्वात मोठी खूण मुंबईत उभी आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझेकिएल, कंपनीच्या फौजेत असताना टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटलो तर प्रार्थनागृह बांधीन, असं ते बोलले होते अशी परंपरा आहे. सुटून आल्यावर 1796मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, 'शार हारहमीम', दयेचं द्वार, उभं केलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच आलं असं मानतात. तल्मूद ज्या चौघांना देवाचे जाहीर आभार मानायला सांगतो ते असे: समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट ओलांडून आलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. हे आभारही, 'बिर्कत हागोमेल', दहा माणसांसमोरच मानायचे असतात.

याच समाजात येरुशलेमच्या दोन्ही मंदिरांच्या नाशाचा दिवस, तिशा बआव, 'बिरड्याचा रोजा' म्हणून ओळखला जातो. उपासाआधी मोड आलेल्या वालांचं बिरडं खातात. मसुराला तोंड नसतं हे वर आलंच आहे. वालाला तर ठसठशीत पांढरं तोंड असतं, पण कोकणात हाताशी होतं ते वाल. त्या दिवशी चामड्याची चप्पल नाही, जमिनीवर बसणं, कुणाला शालोम नाही, सगळं शिवेसारखंच. घरात मृत्यू येईल तेव्हा काय करायचं याची ही दरवर्षीची तालीम. लहान मुलंही बघून शिकतात, आणि वेळ येते तेव्हा पाट कुठे ठेवायचा हे कुणाला विचारावं लागत नाही.

आता अडचण माणसांची आहे. बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. लोद, रामला, दिमोना, बीरशेबा इथे आजही काही घरांत मराठी ऐकू येते. मागे रायगड जिल्ह्यातल्या लहान सिनेगॉगांत शनिवारी दहा जण जमवणं कठीण झालं आहे. वर्षश्राद्धासारख्या तिथीला काद्दीश म्हणायचं असेल तर आठ-दहा दिवस आधी फोन करून माणसं ठरवावी लागतात, नाहीतर ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. नऊच आले तर काद्दीश सोडून द्यायचं, दहावा म्हणून लहान मूल किंवा फोनवरचा माणूस मोजायचा नाही. अशा वेळी स्तोत्रं म्हणता येतात, मिश्नेचा पाठ करता येतो, गेलेल्याच्या नावाने दान देता येतं. सेफार्दी रीतीची 'हश्कबा' ही शांतीची प्रार्थनाही आहे.

तिथी काढताना मृत्यूचा दिवस धरायचा, दफनाचा नाही, आणि तोही हिब्रू पंचांगाचा. मृत्यू सूर्यास्तानंतर झाला असेल तर तारीख पुढची. दिवा आदल्या संध्याकाळी लावायचा आणि चोवीस तास तेवता ठेवायचा. मेणबत्ती नसेल तर जुन्या रीतीने काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल, त्यावर तरंगती वात. वात जाड झाली की तेल मध्यरात्रीच संपतं, म्हणून आधी एखाद्या दिवशी तासभर जाळून तेल किती उतरतं ते बघून ठेवावं आणि त्या हिशेबाने पेला निवडावा.